वरची धार

लिटरचं माप काठोकाठ भरून आक्का ते माझ्या पातेल्यात ओतायची. मग किटलीतून आणखी एक धार सोडायची आणि म्हणायची, "ही मापात धरू नगा, सायेब."

मी कधी धरली नाही. कुणीच धरत नाही. दुधाची वरची धार हा आपल्याकडं गिऱ्हाइकाचा हक्कच. तुमच्याही दारात अशी एखादी आक्का असेल किंवा होती, म्हणून हे तुम्हाला सांगतोय. एरवी मी फारसा बोलणाऱ्यातला नाही.

राजारामपुरीत भाड्यानं राहून कंटाळलो आणि परवडला म्हणून कळंब्याच्या पुढं, शहराच्या हद्दीबाहेरच्या एका गावात फ्लॅट घेतला. खिडकीखाली आक्काचा गोठा. पहिल्याच दिवशी बायको नाकाला पदर लावून म्हणाली, "हे काय घेतलंत?" आक्कानं खालून ऐकलं. "वैनी, वास आमच्या म्हशीचा हाय, पर चार दिसांत तुमचाच वाटंल!"

म्हशींशी ती अगदी हळू बोलायची. माणसांशी बोलली की गल्लीभर ऐकू जायचं. थोरली म्हैस तिच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. एकदा आक्का लग्नाला गेली, तर मुलगा तिची साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन धार काढायला बसला. म्हशीनं त्याला बादलीसकट उडवलं. आक्का परत आल्यावर दिसेल त्याला हे सांगायची. "साडी नेसून बाई हुता येतंय व्हय रं?"

घरात पुरुष तीन. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वॉचमन, थोरला मुलगा तिथंच कारखान्यात, धाकटा रिक्षावर. वैरण, शेण, धारा, ओढ्याकाठचं रान, हे सगळं आक्का आणि तिची सून बघायच्या.

आता माझं. मी सरकारी कारकून. शहराची हद्द वाढवायची चर्चा आपल्याकडं किती वर्षं चालली आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. भोवतालची कुठली गावं आता गावं राहिली नाहीत, याचा अहवाल आमच्या टेबलावर तयार होत होता. त्यासाठी जनगणनेवाले लावतात त्याच कसोट्या आम्ही लावत होतो. वस्ती पुरेशी हवी, दाटी हवी, आणि कामाला जाणाऱ्या दर चार पुरुषांतले तीन शेतीबाहेर हवेत. हो, पुरुषांतले. बायकांची कामं मोजतात, पण गाव की शहर हे ठरवताना धरत नाहीत.

आमचं गाव तिन्ही कसोट्यांत बसलं.

एका सकाळी मी ते आक्काला सांगून टाकलं. "आमच्या हिशेबात तुमचं घर शेतीतून बाहेर पडलं, आक्का."

तिनं शेणानं भरलेले दोन्ही हात वर केले. "मग हे काय तुमच्या मोठ्या सायबानं काढलं?"

मी हसलो. ती हसली नाही. "गाव शहरात गेलं की गोठा ठेवू देत्यात?"

"नियम येतील," मी म्हणालो.

"म्हंजी न्हाई देत."

ऑफिसात मी साहेबांपाशी विषय काढला. "सर, बायकांची कामं धरली तर आमचं गाव बसत नाही." त्यांनी मान वर केली नाही. "मग धरू नका. कसोटी दिल्लीची आहे. ती बदलणारे तुम्ही आणि मी कोण?" मी जागेवर येऊन बसलो.

पुढं हद्दवाढीच्या विरोधात गाव बंद झालं आणि देवळासमोर ग्रामसभा भरली. आम्ही अपार्टमेंटवाले मागं उभे होतो. आक्का उठली आणि तिनं थेट माझ्याकडं बोट केलं. "ह्यो सायेब हाफिसात हाय. रोज माझं दूध न्हेतोय. इचारा त्याला, माझं घर शेतकऱ्याचं हाय का न्हाई."

सगळे वळले. 'हो, आहे' एवढंच म्हणायचं होतं. रोज खिडकीतून बघत होतो की. पण तोंडातून निघालं, "नियमात पुरुषांचंच काम बघतात, आक्का."

कुणीतरी ओरडलं, "आक्के, मिशी लाव की मग!" सभा हसली. आक्काही हसली आणि पदर सावरून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन जायला पाय उचलत नव्हता. तिनं माप ओतलं. मी पातेलं मागं घेतलं. "थांबा की," ती म्हणाली आणि वरची धार सोडली. "ही मापात धरू नगा."

सभेत मी घाबरलो, असं मी बायकोला सांगितलं. ते खरं नाही. आमच्या टाक्या टँकरनं भरतात. गाव शहरात गेलं तर नळ येईल, फ्लॅटला भाव येईल, हे मला हवं होतं. गोठा राहावा असंही वाटत होतं. अहवाल माझ्या हातात नव्हता हे खरं, पण असता तरी मी तो बदलला असता का, ते मला आजही सांगता येत नाही.

अहवाल मुंबईला गेला तो तिथंच आहे. गाव अजून गावच आहे, टँकर अजून येतो. पण शहर येणार एवढ्या बोलण्यावरच जागांचे भाव चढले आणि त्या तिघा पुरुषांनी ओढ्याकाठचं रान गोठ्यासकट विकायला काढलं. सातबाऱ्यावर आक्काचं नाव नव्हतं. ती माझ्याकडं आली. "तुमी सांगा की त्यास्नी. तुमचं ऐकत्यात."

गेलो. नवऱ्यानं खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाला, "सायेब, आमी शेतकरी न्हाई, असं तुमच्याच हाफिसानं सांगितलं न्हवं?"

मी चहा संपवला आणि घरी आलो.

म्हशी निपाणीकडं, लेकीच्या गावाला पाठवायच्या ठरल्या. टेम्पो आला, पण थोरली म्हैस काही केल्या चढेना. ओढून झालं, मारून झालं. शेवटी आक्का आधी चढली आणि वरून हळू काहीतरी बोलली. म्हैस तिच्या मागं चढली. मग आक्का उतरेचना.

"उतर की आता," नवरा म्हणाला.

"माज्याबिगर दूध देत न्हाई ती."

"मग परत कवा येतीस?"

आक्कानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल रं."

मी वर खिडकीत होतो. तिनं वर पाहिलं नाही.

आता आमच्याकडं पिशवीचं दूध येतं. माप चोख असतं. बायको पिशवीचा कोपरा कापून ओतते, मी पातेलं धरतो. पिशवी रिकामी होते, ती बाजूला टाकते, तरी मी पातेलं पुढं धरून उभाच असतो.

"आणखी काय पडणार आहे त्यात?" बायको विचारते.