तालमीच्या भिंतीवरचा तिचा फोटो

काल संध्याकाळी मी तिच्या श्रद्धांजलीचा बोर्ड स्वतःच्या हातानं ओढून काढला.

अर्ध्या गल्लीनं बघितलं. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंही कुणीतरी म्हणालं. म्हणू देत.

ती माझी सुपरवायझर. मी तिला ताईच म्हणायचे.
मागच्या वर्षी वकिलीचं शिक्षण संपवून मी ह्युमन राइट्सच्या इंटर्नशिपला बाहेरच्या देशात गेले होते. तिकीट, राहणं, खाणं सगळं फेलोशिपमधून. फुकटात परदेशात कोण नेतंय, काय तरी लफडं असणार, असं आमची आत्या गावभर सांगत होती.

काम काय, तर घरातून उचलून नेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांच्या घरी जायचं. त्यांच्या आया, बायका काय सांगतात ते लिहून घ्यायचं.

खरं सांगते, तिथं मला कधी भीती वाटली नाही.
भ्यायचं खातं तिच्याकडं होतं. पडदे ती ओढायची. परतीचा रस्ता रोज ती बदलायची. बेल वाजली की मला आत ढकलून दार उघडायला स्वतः जायची.

एका रविवारी तिनं घरी जेवायला बोलावलं. घरात ती, तिची आई आणि बालवाडीतली लेक.
तिथून मी पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, इंग्रजीशी छत्तीसचा आकडा. तरी दोघं कितीतरी वेळ बोलले. पप्पा मराठीत, ती तिच्या भाषेत इंग्रजी मिसळून, मध्ये मी. पोरीला घेऊन आमच्याकडं या, जोतिबाला जाऊ, असलं सगळं.

नंतर तिनं तिघींचा एक फोटो काढू दिला. फक्त वडिलांना पाठव, म्हणाली.

परवा तिथल्या ऑफिसचा मेसेज आला.
ती गेली.
कशी, ते मी इथं लिहिणार नाही.

त्याखाली एवढंच होतं: नाव आणि फोटो कुठंही टाकू नका. तिच्या आईला आणि लेकीला कुणी ओळखता कामा नये.

पप्पांना मी फक्त ती गेली एवढं सांगितलं. नाव-फोटोचं तोंडातून निघालंच नाही.

पप्पा रडले. आणि आपल्याकडं जवळचं माणूस गेलं की जे करतात, तेच त्यांनी केलं. मला न विचारता तालीम मंडळाच्या पोरांना फोटो नेऊन दिला.

पोरांनीही जीव लावून बोर्ड केला. काल कोर्टातून येताना गल्लीत वळले.
तालमीच्या भिंतीवर ती हसत होती. मांडीवर लेक, शेजारी आई. मोठ्या अक्षरात नाव. देशाचं नावसुद्धा. खाली नेहमीप्रमाणं सगळ्या पोरांचे फोटो.

मी बॅग टाकली आणि बोर्ड ओढायला लागले.

मंडळाचा अध्यक्ष पळत आला. "येडी झालीस काय? तुझ्या पप्पांनीच सांगितलंय की."
"तिच्या पोरीला मारतील," मी म्हणाले.

मग त्यानं दुसरी बाजू धरली आणि बोर्ड खाली आणला. सगळ्या पोरांना तिथंच उभं करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले बोर्डचे स्टेटस डिलीट करायला लावले. एकानंही उलट विचारलं नाही.

पण स्टेटस सकाळपासून होते. कुणी बघितले, कुणी पुढं पाठवले, देव जाणे.

पप्पा कट्ट्यावर बसून राहिले. "मला वाटलं, तिच्यासाठी हिथंबी कोण तरी रडतंय, हे दिसाय पायजे," एवढंच म्हणाले.

तिची आई आणि लेक सुखरूप आहेत का, असं काल रात्रीच ऑफिसला विचारलंय. अजून उत्तर नाही.

म्हणून ही पोस्ट. फ्रेंड्स ओन्ली ठेवली आहे, शेअर करू नका.
बोर्डचा फोटो ज्याच्याकडं असेल त्यानं आत्ताच्या आत्ता डिलीट करा. ग्रुपवर गेला असेल तर तिथूनही काढा. हात जोडते. मी कुठं गेले होते हे माहीत असेल, तर कमेंटमध्ये लिहू नका. ती कोण, तेही विचारू नका.

ताई, मला अजून तुझ्यासाठी नीट रडताही आलेलं नाही.
आधी तुझी लेक जिवंत असल्याचं कळू दे.

श्रद्धांजली वाहते. नाव मनातच घेतलंय.