हरुमाकी आमच्या घरचे, लीड देसाई

मोरी-सान माझ्या डेस्कपाशी येऊन उभे राहिले. ते योकोहामातल्या आमच्या क्लायंटचे मॅनेजर. त्या शनिवार-रविवारी टीमची ट्रिप होक्काइदोला निघणार होती, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरायला. मी येतोय का, असं त्यांनी विचारलं. मी नम्रपणे नाही म्हटलं. सोमवारी डिझाइन रिव्ह्यू होता. नव्या सिस्टिमचं डिझाइन माझं, आणि त्याच मीटिंगमध्ये फेज टूचा लीड जाहीर होणार होता. तो मीच, असं मी पुण्याला घरी सांगूनही टाकलं होतं.

देसाई लगेच तयार झाला. आमच्याच कंपनीचा, मला ज्युनियर, जपानी बेताचं. पण क्लायंटच्या मजल्यावर सगळे त्याला कॉफीला हाक मारायचे. मला कधी कोणी मारली नाही. त्याचं हसणं ऐकलं तरी माझ्या पोटात दुखायचं, आणि ते मी लपवत नाही.

त्यातून तो शाकाहारी. जपानी स्प्रिंग रोल, म्हणजे हरुमाकी, त्याला नुसते बघूनच फार आवडायचे, पण बाहेरच्यांत डुकराचं मांस असतं. म्हणून शुक्रवारी तो थेट आमच्या योकोहामातल्या घरी आला.

"वहिनी, थोडे करून द्याल? तिकडे उपाशी मरेन मी."

मीनलने, म्हणजे माझ्या बायकोने, बटाटा-मटारचं सारण भरून डबाभर हरुमाकी फ्रीझ करून दिले. मला एकही नाही. मी स्लाइड्स करत बसलो होतो.

सोमवारी मी जीव तोडून बोललो. कोणी एक प्रश्न विचारला नाही. माना डोलल्या, डिझाइन पास झालं. मग मोरी-साननी जाहीर केलं, फेज टूचे लीड देसाई-सान.

मीटिंगनंतर मी त्यांना गाठून कारण विचारलं.

"तुमचं डिझाइन आम्हाला तळ्यावरच पटलं होतं," ते म्हणाले. "देसाई-साननी एकेकाला समजावलं. तुमचं नाव घेऊन."

याला जपानीत नेमावाशी म्हणतात. निर्णय मीटिंगमध्ये होत नाही. आधी प्रत्येकाला गाठून शंका फेडायच्या, होकार घ्यायचा. मीटिंग म्हणजे नुसता शिक्का. हे मी नव्या लोकांना ट्रेनिंगमध्ये शिकवायचो. देसाईही माझ्याच हाताखाली ते शिकला होता.

तळ्यावर काय झालं तेही मोरी-साननीच सांगितलं. मासा गळाला लागेपर्यंत बर्फावरच्या तंबूत बसून राहावं लागतं. मासे तळायच्या कढईत, तेल कोरं होतं तेव्हाच, देसाईने हरुमाकी तळून सगळ्यांना वाढले. खाता खाता शंका फिटल्या.

"हरुमाकी अप्रतिम होते," मोरी-सान म्हणाले.

"माझ्या बायकोने केले होते."

"असं? मग तुम्ही का आला नाहीत?"

संध्याकाळी देसाई आइस्क्रीम घेऊन घरी आला आणि मीनलच्या पाया पडला. नाव त्याने माझंच घेतलं होतं, त्यामुळे धड भांडताही येईना. त्याचाच मला जास्त राग आला.

आता जपानला निघालेल्या माणसाला मी एवढंच सांगतो. स्लाइड्स मेल करता येतात, डबा स्वतः घेऊन जावा लागतो.