बुडालेल्या माणसाची ताजी सही

ती सही आजही मधूनच डोळ्यांसमोर येते, आणि आली की हातातलं काम थांबतं.

वसई-विरारमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना अर्नाळ्याची एक कोळीण आत आली. तिचा मुलगा सात महिन्यांपूर्वी बोट उलटून बेपत्ता झाला होता. बरोबरच्या दोघांची प्रेतं मिळाली, त्याचं नाही. तो तपास माझ्याकडेच होता.

तिने टेबलावर एक फॉर्म ठेवला. बुडण्याआधी मुलाने मासळी वाहायची व्हॅन तुळिंजच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरला विकली होती. गाडी नव्या मालकाच्या नावावर करून देण्यासाठी डीलरने ‘फाइल चार्ज’ही घेतला होता. आदल्या दिवशी नवा मालक हा फॉर्म घेऊन मुलाच्या आधार कार्डाची प्रत मागायला तिच्या दारात आला. खाली मुलाची सही होती, तारीख गेल्या आठवड्यातली. तिने फॉर्म परत दिलाच नाही.

“पान्यात गेलेला मानूस सही कशी करल, साहेब?” ती म्हणाली. “माजा पोऱ्या जिता हाय. कुटं हाय तेवडं सोधा.”

गाडी विकताना कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकून मोकळं व्हायची खोड आपल्याकडे सगळ्यांना आहे. तसंच असेल, असं मला वाटलं. पण कागदाच्या तळाशी छपाईची तारीख होती, तीही सहा दिवसांपूर्वीची. मी बेपत्ता तपासाची जुनी फाइल काढून त्यातल्या एका कागदावरची त्याची सही शेजारी ठेवली. शेवटच्या अक्षराखाली गळासारखा बाक, त्यात दोन टिंबं. तंतोतंत तीच. भर सकाळी अंगावर काटा आला. खरं सांगतो, आशाही वाटली.

डीलरच्या दुकानात कागदांचं काम एक पन्नाशीचा, मऊ बोलणारा कारकून बघत असे.

“तो स्वतः येऊन सही करून गेला,” कारकून म्हणाला.

“कसा होता दिसायला?”

“सावळा. केस ओले होते, साहेब.”

माझ्या हवालदाराने लिहिता लिहिता पेन उचललं. 

दुकानातल्या कॅमेऱ्याचं सहीच्या दिवसाचं चित्रण आम्ही तिथेच बघितलं. कारकून एकटाच टेबलाशी होता. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने मान डोलावली आणि सही केली. हे त्याला दाखवल्यावर तो आपल्या खुर्चीत बसला आणि बोलू लागला.

“पहिले फॉर्म आरटीओने त्रुटी काढून परत पाठवले. चार्ज घेऊन झालेला, गिऱ्हाइकाला पुन्हा कोण बोलावणार? मग जुन्या फॉर्मवरची सही बघून मीच करतो. माणूस समोर बसलाय असं धरलं की हात चालतो.”

“तो सात महिन्यांपूर्वी समुद्रात बुडाला,” मी म्हणालो.

त्याने त्या खुर्चीकडे पाहिलं आणि आपली खुर्ची मागे ओढली. केस ओले होते असं का म्हणाला, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मीही ते तपासाच्या कागदांत घेतलं नाही.

गुन्हा दाखल झाला. फाइल चार्ज किती, कशाचा, काम किती दिवसांत होणार, हे डीलरला पाटीवर आणि पावतीवर लिहायला लावा, असं मी वर कळवलं. उत्तर आलं नाही. निवृत्तीनंतर मी माझी गाडी विकली, तेव्हा फॉर्मचा एकेक रकाना स्वतः भरला. डीलर वैतागला. वैतागू दे. आपण कागदावर मागे ठेवलेल्या कोऱ्या जागेत उद्या कोण येऊन बसेल, सांगता येत नाही.

त्या कोळिणीला हे सांगायला मी तेव्हा स्वतः अर्नाळ्याला गेलो होतो. ती बोंबील वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तो नाय,” ती म्हणाली.

“नाही, आई.”

तिने हातातला बोंबील काठीवर अडकवला.

“साहेब, त्या मानसाला परत माज्या पोराची सही करू देऊ नका. मी परत वाट बघत बसंन.”