कुळथाच्या कुणग्यातले कोळी

कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्याकडे कोळी कमी आणि किस्सेच जास्त जमतात. माझे सगळे कोळी एका काडेपेटीत मावतील, किस्से नाही मावणार!

हे कोळी जेमतेम मोहरीएवढे. त्यांना घनदाट जंगल नको, उकरलेली उघडी माती हवी. त्यामुळे मालवणातल्या कॉलेजात शिकवून झालं की मी रस्त्याकडेच्या खोदकामात ओणवी. एकदा रिक्षा थांबली. "काय हरवला गो? कानातली कुडी?" ड्रायव्हर उतरला, मागोमाग तीन पॅसेंजर. पाच मिनिटं सगळे माती चाळत होते! कोळी शोधतेय म्हटल्यावर एक आजी भडकल्या, "मगे माझ्या घराक ये! होये तितके व्हर, फुकट!"

शेवटी मसुऱ्यात भिवा आबांच्या शेतात, कुळथासाठी नांगरलेल्या कुणग्याच्या, म्हणजे शेताच्या छोट्या तुकड्याच्या, एका कोपऱ्यात, मला हव्या त्या माद्या मिळाल्या. पण नुसत्या माद्यांवरून जात नक्की होईना, नर हवा होता. तो नाही तर चार महिन्यांची मेहनत पाण्यात. मदतीला मी पुण्याच्या सरांना बोलावलं आणि आबांना सांगून ठेवलं, "रविवारी पाहुणे हा कोपरा बघायला येणारेत हां."

रविवारी बघते तर कोपरा चोपून, शेणानं लख्ख सारवलेला! वर रांगोळी! आबा हात जोडून उभे. "पावणे काय मातीत बसतले?" कोळी एकही नाही. मला रडूच आलं. सर मात्र मांडी घालून बसले आणि दोन प्लेट घावणे खाऊन गेले.

आबांना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सारवलेलं सगळं पुन्हा खणलं. आठवड्याभरात कोळी धाग्यावर तरंगत, वाऱ्याबरोबर परत आले. सगळ्या माद्याच!

"आता देवाकच सांगूया," आबा म्हणाले. घरच्यांना बोलावून, बांधावर नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बायेन चार म्हयने मातीत डोक्या घातल्यान हा. तिका येक दादलो कोळी होयो, तो गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीसुद्धा!

आबांनी नारळ उचलला, तर शेंडीवर इवलासा कोळी. मी भिंग लावलं. नर! मी आनंदानं किंचाळले, आबांचे डोळे भरून आले. मी झटकन त्याला बाटलीत टाकून बूच लावलं.

आबा बाटलीकडे बघत राहिले. "पाणी मां ता?"

"नाही आबा, स्पिरिट. त्यात मेला की वर्षानुवर्षं टिकतो."

आबा मटकन बांधावर बसले. "देवाकडसून मागून घेतलेलो गो तो! आता देवान इचारल्यान तर मी काय सांगू?"