बिनपाण्याची बॅटरी

आमच्या घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी पाजायचं काम माझं. दर अमावास्येला, वीस वर्षं, एकदाही चुकलं नव्हतं. "माझा वाढदिवस इसरता, अन् हिची अमावास्या बरी ध्यानात राहते," असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

निवृत्त झाल्यावर जुनी व्हॅन घेतली. तिच्यात पलंग आणि छोटा फ्रिज बसवला, टपावर सोलर पॅनेल टाकलं. सगळं बायकोसाठी. इन्सुलिन सुरू झाल्यापासून ती एकही रात्र बाहेर राहिली नव्हती. वैजापूरला भाचीच्या लग्नात थर्मासमधला बर्फ वितळला, इन्सुलिन तापलं, आणि अक्षता पडायच्या आधीच आम्ही परत फिरलो. "आता मला कुठंच नेऊ नका," ती म्हणाली होती. ते माझ्या जिवाला फार लागलं होतं.

शहरातल्या छावणी भागातल्या बॅटरीवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. माझ्या यादीत पंखा, टीव्ही, मिक्सर आणि चक्क इस्त्री होती. बॅटरी मात्र घरच्या इन्व्हर्टरसारखी पाण्याचीच घ्यायची, हे मी आधीच ठरवलेलं. त्यानं यादी वाचली आणि बायकोकडे वळला.

"भाभी, चलाना क्या है?"

"फ्रिज. दोन दिवस ऊन पडलं नाय तरी चालला पायजे. आम्ही अंधारात बसू."

"मग लिथियम घ्या. सरांची पाण्याची बॅटरी निम्मी वापरली की थांबावं लागतं, नाय तर लवकर मरते. ही जवळपास सगळी वापरा. फक्त चार्जर हिचाच लावा, अन् गर्मीपासून लांब ठेवा."

त्यानं पुढं केलेला लिथियमचा हलका डबा मी चारी बाजूंनी निरखला. "झाकणं कुठायत? पाणी कुठून घालायचं?"

"पाणी नाय घालायचं सर. आराम करायचा."

बायको पोट धरून हसली. मला मात्र दुसऱ्यांदा निवृत्त झाल्यासारखं वाटलं.

तरी विश्वास कुठे बसतो? पॅनेल झाकून दोन दिवस अंगणातच फ्रिज चालवला आणि तासातासाला थर्मामीटर पाहिला. मग एका रात्रीसाठी पैठणला, नाथसागराच्या काठी गेलो. सकाळी डोळे उघडताच मी फ्रिज उघडला. आत छान गार होतं. पण इन्सुलिनची पेनं महिनाभर पुरतील इतकी होती.

"एका रात्रीला एवढी कशाला?"

ती चहा गाळत होती. "पुढं कुठं जायचं ते बघा," म्हणाली. "परवा अमावास्या हाय. घरच्या बॅटरीत पाणी घालायला शेजाऱ्यांना सांगून आलेय मी."