न पाहिलेला समुद्रतळ

एका वादात मी खोटे बोललो आणि जिंकलो. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे लपवून ठेवली. निष्कर्ष बरोबर असेल तर पुरावा थोडा बनावट असला म्हणून काही बिघडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. धुळ्यात, देवपुरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या माणसाला ती समजूत शोभत नव्हती.

निष्कर्षाबद्दल मात्र मला आजही शंका नाही. समुद्राने गिळलेल्या सुवर्णनगऱ्या, तळाशी गाडली गेलेली महाज्ञानी संस्कृती, पाण्याखालची विमानतळे या सगळ्याचा मला तिटकारा आहे आणि वयाने तो कमी केलेला नाही. मोबाइलवरची ती चित्रफीत कुणीही दाखवली तरी एकच असते. गढूळ निळे पाणी, विहिरीतून आल्यासारखा निवेदकाचा आवाज, आणि एका चौकोनी दगडाकडे धावणारा लाल बाण. दगड चौकोनी आहे, म्हणजे तो माणसाने घडवला! साक्रीच्या बाजूला काळ्या पाषाणाच्या भिंती माळरानावरून डोळ्यांना दिसतील तिथवर सरळ गेलेल्या आहेत. जमिनीच्या भेगांत तप्त रस शिरून थिजला आणि भोवतीची माती झिजून गेली, एवढीच त्यांची कहाणी. पण त्या कुणा राजाने एका रात्रीत बांधल्या, असे सांगणारे पदवीधर मला दरवर्षी भेटतात. घरासमोरची भिंत कुणाची हे ज्यांना कळत नाही, ते समुद्राच्या तळाशी असलेला तट कुणाचा हे छातीठोकपणे सांगतात.

माझे सासरे, आबा, भडगावजवळच्या एका गावात शेती करतात. श्रावणात मंदिराच्या ओसरीवर बसून पोथी सांगण्याचा त्यांचा नेम होता. द्वारका बुडण्याचा प्रसंग ते असा सांगत की गिरणा नदीकाठच्या, समुद्र कधीही न पाहिलेल्या बायका पदर डोळ्यांना लावत. त्या एका संध्याकाळची ते वर्षभर वाट पाहत, हे मला ठाऊक होते.

हिवाळ्यात त्यांच्या मळ्यात भरताचा बेत असे. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची, ती ठेचून होईपर्यंत कुणी उठायचे नाही, आणि तोवर कशावर तरी वाद घालायचा, असा तिथला रिवाज. त्या वर्षी वाद द्वारकेवर आला.

"नगरी होती आणि बुडाली, पोथीत शे," आबा म्हणाले.

"पोथीत असणे हा पुरावा नव्हे, आबा," मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो. माझा आवाज हळू असल्यामुळे त्यातला तुच्छभाव लोकांना नम्रता वाटत आला आहे.

"धरणमा गाव बुडस, मंग समुद्रमा नगरी बुडनी त्यामा नवल काय शे?"

माणसे हसली. मुद्दा चांगला होता. मी म्हणालो, "धरणात बुडालेल्या गावची माणसे मोबदल्यासाठी कचेरीत खेटे घालतात. सोन्याच्या नगरीचा एकही विस्थापित अजून कचेरीत आलेला नाही."

आता सगळे माझ्या बाजूने हसले. इथे मी थांबायला हवे होते. पण माझा शालक काड्या सरकवता सरकवता म्हणाला, "पाव्हना, तुम्ही तठे जाईसन देखी उनात का?"

मी तिथे जाऊन पाहून आलो का, हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे खरे उत्तर लाजिरवाणे होते. द्वारकेला मी पत्नीबरोबर यात्रेकरू म्हणून गेलो होतो. समोरच्या बेटावर जाणारी बोट लाटांवर हलताना पाहूनच मी मागे फिरलो. पत्नी एकटी बोटीने जाऊन दर्शन घेऊन आली आणि मी धक्क्यावर शेंगदाणे खात बसलो.

"गेलो होतो," मी म्हणालो. "संशोधकांच्या बोटीतून. पाणबुड्यांनी वर आणलेले दगड या हातांत घेतले आहेत. निसर्गाचे दगड आहेत ते. खाली काहीही नाही."

पत्नी परातीत पुऱ्यांचे पीठ मळत होती. तिचे हात क्षणभर थांबले. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. "आते जवाईबापू देखी उनात म्हंजे वाद मिटना."

धुळ्याला परतताना गाडीत ती म्हणाली, "तुमचं मत खरं असेल. बोटीचं का बोललात?"

"वाद लांबत होता."

"दुसरा कुणी असता तर आबांनी विचारलं असतं, कधी गेलास, कुणाबरोबर गेलास. जावयाला चारचौघांत असं विचारत नाहीत आमच्यात. तुम्हाला हे माहीत होतं."

मला ते माहीत होते. ज्या आंधळ्या विश्वासाची मी वर्गात टिंगल करतो, त्याच्याच आधाराने मी जिंकलो होतो.

पुढचे मला शालकाकडून कळले. श्रावणात आबा पोथी सांगत, पण तो प्रसंग आला की पाने उलटत. कुणी विचारले तर म्हणत, आमचे जावई समुद्रात जाऊन पाहून आलेत, तिथे काही नाही. मग पारावरचे रिकामटेकडे त्यांना हाक मारून विचारू लागले, "आबा, तुमनी द्वारका बुडी गई का उडी गई?" त्यावरही आबा हसत म्हणे. अखेर गेल्या श्रावणात त्यांनी पोथी बांधून ठेवली.

चित्रफिती बनवणाऱ्यांचा मी तिरस्कार करतो, कारण ते न पाहिलेले पाहिले म्हणून सांगतात. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, हे स्वतःला विचारण्याचे मी फार दिवस टाळले. उत्तर सुचले तेव्हा ते क्षुद्र होते. त्यांच्यापाशी कॅमेरा असतो, माझ्यापाशी सासऱ्याचा भिडस्तपणा होता. आणि क्षमा मागायचे ठरल्यावरही एक भीती मला अडवत राहिली. मी खोटे बोललो असे म्हटले, तर लोक म्हणतील, म्हणजे नगरी होती! माझ्या पश्चात्तापाचा असा उपयोग व्हावा, हे मला सहन होत नव्हते. आबांची पोथी बंद पडली ते सहन झाले, पण हे सहन होत नव्हते, यावरून माझी योग्यता कळावी.

या हिवाळ्यात पुन्हा मळ्यात बसलो. माणसे तीच होती. वांगी ठेचणे चालू होते. मी बोलू लागलो तेव्हा आबांनी हात वर केला. "राहू द्या, जवाईबापू, जेवण होऊ द्या."

"आज राहू देऊ नका, आबा," मी म्हणालो, आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल इतका आवाज मी आयुष्यात प्रथमच चढवला. "मी समुद्रात गेलोच नव्हतो. संशोधकांची बोट नव्हती, मी कुठलाही दगड हातात घेतला नव्हता. मी धक्क्यावर बसून होतो, तुमच्या मुलीला विचारा. नगरी नव्हती, असे मी आजही म्हणतो. पण मी पाहून आलो हे खोटे होते आणि ते खोटे मी तुमच्या तोंडून गावाला सांगायला लावले. तुम्ही मला उलट विचारणार नाही, हे ओळखून मी तसा वागलो. मला क्षमा करा, आबा."