पेडणेकर बाईंची पुरवणी

पेडणेकर बाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या एका पाकिटातून. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात टपालाने पत्र येणं हेच मुळात आश्चर्य. नव्या व्हिडिओ गेमचं परीक्षण करून त्याला दहापैकी गुण देणारी आमची वेबसाइट. आमचे वाचक शिव्यासुद्धा मोबाइलवरून घालतात. पाकिटात फुलस्केप कागद होता, डाव्या बाजूला आखलेला समास, आणि लाल पेनाने लिहिलेला मजकूर. ‘आपल्या परीक्षणात चित्रांना नऊ, गोष्टीला सात, संगीताला आठ आणि खेळण्याच्या मजेला आठ गुण दिले आहेत. यांची सरासरी आठ येते. आपण साडेनऊ दिले आहेत. उरलेला दीड गुण कोणत्या प्रश्नाचा, ते कृपया कळवावे.’

मी हबकलेच. परीक्षण माझं होतं. त्या गेमची जाहिरात आमच्या ऑफिससमोरच्या मॉलच्या भिंतीवर पाच मजले भरून लागली होती आणि जगभरचे परीक्षक नऊच्या खाली यायला तयार नव्हते. मग मी एकटी आठ कशी देणार? खरं सांगायचं तर आमच्याकडे आधी एकूण गुण ठरायचे आणि मग वरचे आकडे जमतील तसे भरले जायचे. इतक्या वर्षांत कुणी बेरीज करून पाहिली नव्हती. पाहिली ती परळच्या एका चाळीतल्या, सदुसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने.

दुसरा धक्का पाकिटावरचा पत्ता शोधत जाऊन त्यांच्या खोलीत पाय ठेवल्यावर बसला. दुपारचे अडीच वाजले असतील. दुसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं, आत पलंगावर पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई मांडी घालून बसलेल्या, हातात गेमचा रिमोट, आणि टीव्हीवर एक सात फुटी राक्षस कुऱ्हाड घेऊन धावत येतोय. “मेल्या, पाठीमागून येतोस? समोर ये, समोर!” बाई ओरडत होत्या. उंबऱ्यात बसून गवार मोडणारी शेजारीण सांगत होती, “बाई, डावीकडे वळा, डावीकडे!” राक्षस पडला. बाईंनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, “दीड मार्कवाली तूच काय गो?”

तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. डाव्या हाताची बोटं वळेनात. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरणीने बोटं सतत हलवायला सांगितली, म्हणून मुलाने आपला गेमचा डबा त्यांच्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाला, “आई, हे घे, अंगठे चालव.” महिन्याभरात बोटं सुधारली आणि मुलाचा डबा कायमचा गेला. लालबागच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून आणि तितकीच वर्षं दहावीचे पेपर तपासून त्यांच्या अंगात जे मुरलं होतं, ते मग गेमवर उतरलं. खेळून पाहिलेला प्रत्येक गेम म्हणजे एक उत्तरपत्रिका. गोष्ट तीस, खेळ चाळीस, चित्रं दहा, संगीत दहा, शेवट दहा. एकूण शंभर, पासाला पस्तीस.

मी त्यांना आमच्यासाठी लिहायला सांगितलं. आमचा मालक केदार आधी हसला, मग पहिलं परीक्षण वाचून तयार झाला. ज्या गेमला सगळं जग शंभरपैकी सत्त्याण्णव देत होतं, त्याला बाईंनी एक्केचाळीस दिले होते. शेरा असा: ‘पाठांतर उत्तम. स्वतःचं एक वाक्य नाही.’ वाचक खवळले. ‘म्हातारीला घरी बसवा’ इथपासून सुरुवात झाली. मी घाबरून फोन केला तर बाई शांत. “पोरांचा राग निकालावर असतो गो, मास्तरणीवर नसतो. चार दिवसांनी येतील.” आणि खरोखरच आली. सहा महिन्यांत अशी वेळ आली की बाईंचे मार्क आल्याशिवाय गेम घ्यायचा नाही, असं म्हणणारे हजारो तयार झाले. त्यांनी कधी कुणाला एकाहत्तरच्या वर दिले नाहीत आणि कुठल्याही प्रश्नाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. “मार्क वाटायचे नसतात, मोजायचे असतात,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य: “पुरवणी बघितलीस?”

गेम संपला की पडद्यावर तो बनवणाऱ्यांची नावं वर सरकत जातात. दहा दहा मिनिटं. आम्ही कुणीच ती पाहत नाही. बाई मात्र हात मांडीवर ठेवून, शाळेत प्रार्थनेला बसल्यासारख्या, शेवटचं नाव जाईपर्यंत बसायच्या. मी एकदा कंटाळून म्हटलं, “बाई, आता काही येणार नाही.” त्या दिवशी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीच्या एका वर्षी त्यांनी एक पेपर तपासला. शेवटचं पान कोरं दिसलं, म्हणून त्यांनी बेरीज केली आणि गठ्ठा बांधला. त्या कोऱ्या पानामागे दोऱ्याने बांधलेली पुरवणी होती. मुलगी नापास झाली. फेरतपासणीत पुरवणीतले बावीस मार्क सापडले, पण तोवर घरच्यांनी तिला शाळेतून काढलं होतं. पुढे तिचं काय झालं, बाईंना कधीच कळलं नाही.

“पेपरवर नाव नसतं गो, नंबर असतो,” त्या म्हणाल्या. तो नंबर त्यांना अजून पाठ होता; त्यांनी मला तो म्हणून दाखवला. “इथे निदान नावं तरी दाखवतात. मग बसायला नको?” त्यानंतर मी त्यांना कधी घाई केली नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं.

त्यांचा आणखी एक दंडक होता. पेपरवर परीक्षकाची सही, आणि तिच्याखाली नियामकाची. म्हणजे परीक्षकाचं काम तपासणाऱ्या वरच्या माणसाची. बाईंच्या प्रत्येक कागदावर खाली उजवीकडे ती जागा आखलेली असायची आणि त्यांच्या मते नियामक मी होते. मी दर पंधरवड्याला शुक्रवारी चहा-खारी घेत त्यांच्या पलंगावर बसायची, त्या कागद पुढे करायच्या आणि विचारायच्या, “वाचलंस?” मी “हो बाई” म्हणून सही ठोकायची. वाचलेलं नसायचं. गेम तर खेळलेलाच नसायचा.

मग ‘दुसरी शिफ्ट’ आला. माझगावच्या एका भावाबहिणीने चार वर्षं खपून बनवलेला छोटासा गेम. गोदीत क्रेन चालवणाऱ्या माणसाचा एक दिवस. पेट्या उचला, पेट्या ठेवा, डबा खा, पुन्हा पेट्या. एक परदेशी कंपनी त्यांचा पुढचा गेम घ्यायला तयार होती, फक्त परीक्षणांची वाट पाहत होती. आपल्या शहरातला गेम, म्हणून आपलं परीक्षण सगळ्यांच्या आधी यायला हवं असा केदारचा हट्ट, आणि त्या दुपारी मी बाईंना तीन वेळा फोन केला. तिसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, “होत आलंय गो, येऊन घेऊन जा.” मी गेले. गोष्ट आठ, खेळ चौदा, चित्रं सहा, संगीत सहा, शेवट शून्य. एकूण चौतीस. एका मार्काने नापास. मी सही केली आणि टॅक्सीतूनच परीक्षण टाकलं.

ते गाजलं. बाईंचे चौतीस बघून बाकीच्यांनीही हात आखडला. परदेशी कंपनीने नकार कळवला. आम्ही त्याचीही बातमी केली.

तीन आठवड्यांनी सकाळी बाईंचा फोन. आवाज ओळखू येईना. “वृंदा, माझ्याकडसून पुरवणी रवली गो.” एरवी त्यांच्या बोलण्यात मालवणी फक्त ‘गो’पुरती असायची; पुरवणी राहिली हे सांगताना त्या पुरत्या मालवणीत घसरल्या. मी धावत गेले. टीव्ही चालू होता; राहिलेली नावं बघायला त्यांनी गेम पुन्हा लावला होता. नावं सरकून संपतात, पडदा काळा होतो, मिनिटभर काहीच होत नाही, आणि मग तीच सकाळ पुन्हा सुरू होते. या वेळी क्रेनवाल्याच्या घरात, त्याच्या बायकोची. पहिल्या भागात आपण न बघता खाल्लेला डबा ती भरते. आपण चिडून ओढलेलं शर्टाचं बटण तिने कुठला धागा काढून शिवलं, ते दिसतं. जे जे कंटाळवाणं वाटलं होतं, ते सगळं उलगडत जातं. खरा गेम तिथेच होता.

“नावातच लिहिलंय. दुसरी शिफ्ट. मी पहिली वाचली नि मार्क दिले,” बाई म्हणाल्या. “एकूण तर मी आधीच लिहून ठेवलेलं. तुझा तिसरा फोन आला तेव्हा नावं वर जात होती, वृंदा. नावं वर जात होती आणि मी टीव्ही बंद केला.”

मला बसायला जागा सापडेना. माझा फोन. मी पलंगाच्या कडेला टेकले आणि काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, “बाई, एवढं काय.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की चौतीस वर्षं वर्गातली पोरं कशाला घाबरत असतील ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी. केदारला सरळ म्हणाल्या, “मार्क बदलायचे आहेत. खोडून बदलायचे, पुसून नाही. जुना आकडा दिसला पाहिजे, त्याच्यावर रेघ, बाजूला नवा आणि माझी सही.”

केदार वाईट माणूस नाही. तो खुर्ची पुढे करून समजावत होता, “बाई, एकदा स्कोअर बदलला की लोक म्हणणार हे मॅनेज झालेत. आपली सगळी इज्जत तुमच्या मार्कांवर आहे.”

“माझी चूक सांगायला मला इज्जत आड येते?”

“तसं नाही बाई. पण असा नियमच नाही आपला.”

बाई माझ्याकडे वळल्या. “नियामक काय म्हणतात?”

वेबसाइटच्या किल्ल्या माझ्याच हातात होत्या. बदल करायला मला दोन मिनिटं लागली असती. मी टेबलावरच्या वायरीकडे बघत राहिले. हे लिहितानासुद्धा माझे कान तापलेत.

“बरं,” बाई म्हणाल्या. “ज्या परीक्षकाने पुरवणी वाचली नाही, त्याला पुढल्या वर्षी पेपर देत नाहीत. तेव्हा मला आता काही पाठवू नका.” पिशवी उचलून त्या निघून गेल्या. लिफ्टपर्यंत सोडायला गेले तर म्हणाल्या, “तू जा गो, काम असेल.” त्या कडू बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी शुक्रवारी जायचं टाळायला लागले. एक शुक्रवार, दोन, मग मोजणंच सोडलं. चार महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. दुसरा झटका, दुपारी, पलंगावर बसल्याबसल्या. मी फोन हातात धरून जिन्यात उभी राहिले. बाई मरू शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं, एखाद्या शुक्रवारी जाईन आणि त्या विचारतील, “आठवण झाली?”

दहाव्याच्या दिवशी खोलीत गेले तर कोपऱ्यात एक अनोळखी मुलगी बसली होती. ती माझगावची, ‘दुसरी शिफ्ट’वाली. मला पुन्हा एकदा धक्का. आमच्या ऑफिसातून निघून बाई सरळ त्यांच्या घरी गेल्या होत्या. तीन मजले चढून. “आम्हाला वाटलं भांडायला आल्या,” ती मुलगी म्हणाली. “त्यांनी आमची नावं विचारली. माझं, भावाचं. वहीत लिहून घेतली. मग हात जोडले. मी म्हटलं, बाई, असू दे आता. तर म्हणाल्या, असू दे म्हणायचं नाही, मागून घ्यायचं.” भावाने दरम्यान एका बँकेच्या ॲपचं काम धरलं होतं. पुढचा गेम अर्ध्यावर पडून होता. “अजून कुणी ना कुणी विचारतं आमच्याबद्दल,” ती म्हणाली, “पण नाव शोधलं की पहिला तो चौतीसच दिसतो.”

निघताना मुलाने माझ्या हातात पाकीट दिलं. वर माझं नाव, लाल पेनाने. आत तोच फुलस्केप कागद होता. सगळ्यात वर, जिथे नेहमी फक्त गेमचं नाव असायचं, तिथे बनवणाऱ्या दोघांची नावं लिहिली होती. खाली जुने आकडे, बदललेल्या प्रत्येकावर एक सरळ रेघ, प्रत्येक रेघेपाशी छोटी सही. गोष्ट पंचवीस. खेळ सत्तावीस. चित्रं सहा, संगीत सहा, ते होते तसेच. उगाच वाढवणं त्यांना जमलं नसतं. शेवट, दहापैकी दहा. एकूणच्या चौकटीतला चौतीस खोडला होता, पण बाजूला नवा आकडा नव्हता. खाली परीक्षकाची सही. नियामकाची जागा रिकामी, आणि तिथे पेन्सिलीने लिहिलेलं: ‘बेरीज तू कर. पण आधी खेळ.’

रविवारी दुपारी मी फोन बंद करून ठेवला आणि गेम लावला. पेट्या उचलल्या, पेट्या ठेवल्या, डबा खाल्ला. कंटाळा आला, खूप आला. मग नावं सुरू झाली. दोनच माणसांनी केलेला गेम, पण आभार मानायला त्यांना अख्खी गोदी आठवली होती. मी हात मांडीवर ठेवून बसले. पडदा काळा झाला. मी हलले नाही. मग स्टोव्हचा आवाज आला आणि त्या बाईची सकाळ उजाडली, आणि मी रडायला लागले ते थेट बटण शिवून होईपर्यंत.

संध्याकाळी कागद पुढ्यात घेतला. केदारला विचारलं नाही. बेरीज दोनदा केली. चौऱ्याहत्तर आले. वेबसाइटवर आणि कागदावर, खोडलेल्या चौतीसच्या बाजूला ते लिहिले आणि पेडणेकर बाईंच्या कागदावर पहिल्यांदाच वाचून सही केली.